आहात तिथेच थांबा

१

त्याला सगळे कानसेन म्हणत. त्यात थट्टा थोडी होती आणि कौतुक जास्त. तीस वर्षं तो आवाज टिपण्याचं काम करत होता. नाटकं, मुलाखती, माहितीपट, जे येईल ते. एकदा एका कारखान्याने आपला नवा पंखा किती शांत चालतो ते टिपायला त्याला बोलावलं होतं. पंख्याचं एक पातं कुरकुरतंय, हे त्याने दारातूनच सांगितलं आणि दुपारचं जेवण हुकवून घेतलं.

गेले दोन महिने मात्र उजवा कान त्याला दगा देत होता. आधी वाटलं, हेडफोनची वायर गेली. वायर बदलली, मग दुसरी बदलली. तिसऱ्या वायरीनंतर त्याने हेडफोन उलटे घालून पाहिले. बिघाड वायरीत असता तर तो डावीकडे आला असता. तो उजवीकडेच राहिला. त्या दिवशी त्याने हेडफोन काढून ठेवले आणि कुणाशी काही न बोलता चहा प्यायला. डॉक्टरांनी तपासणीची तारीख दिली होती, ती त्याने दोनदा पुढे ढकलली. बायकोजवळ अवाक्षर काढलं नाही. कान गेला तर मागे उरणार काय? दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं.

अशात मेहुणीचा फोन आला. ही बायकोची धाकटी बहीण दिवसा दातांच्या दवाखान्यात रुग्णांचे नंबर लावायची आणि सुट्टीच्या रात्री जुन्या घरांतून भुतं शोधायची. सात वर्षांत तिला दोन वटवाघळं, एक गळका नळ आणि एक गाढ झोपलेला चोर एवढं सापडलं होतं. तरी बाई खचली नव्हती.

"भाऊजी, एक रात्र द्या. टेकडीवरचं ते जुनं घर मिळालंय. दिवसा बघायला माणसं येतात, पण रात्री आजवर कुणाला राहू दिलेलं नाही."

"तुझ्या भुतांना माझं काय काम?"

"भुतांना नाही, मला आहे. दर वेळी आमच्यातलं कुणीतरी पाऊल वाजलं म्हणतं, आणि पहाटे कळतं की उंदीर होता. तुम्ही असलात की उंदीर तिथल्या तिथे निकालात निघेल."

एरवी त्याने उडवून लावलं असतं. पण त्याच्या मनात वेगळंच होतं. कानाची परीक्षा घ्यायचीच होती, तर ती जिथे धंद्यातलं ओळखीचं कुणी नाही अशा जागी झालेली बरी. तो हो म्हणाला.

२

घर दुमजली होतं. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, रुंद लाकडी जिना, आणि वर एकच मोठं दालन. दालनात एका बाजूला अकरा उंच खिडक्या होत्या. खुर्ची नाही, पडदा नाही, तसबीर नाही. मोकळ्या लाकडी फळ्यांची जमीन तेवढी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती.

किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ होते. मेहुणी त्यांना किल्लीवाले काका म्हणत होती.

"इथे काय व्हायचं, काका?" तिने विचारलं.

"कुणी म्हणतं गाणं व्हायचं, कुणी म्हणतं भाषणं. लिहिलेलं काही नाही सापडत. एवढं मात्र खरं, की माणसांना बसायला इथे सोय कधीच नव्हती. जे काय असेल ते उभ्याने." काकांनी जुडगा खिशात टाकला. "मी सकाळी सहाला येतो. खाली स्वयंपाकघरात चहाचं सामान आहे. वर दिवा नाही, तुमचे तुम्ही आणलेत ना?"

तिच्या मंडळातले बाकीचे दोघे ऐनवेळी गळाले होते. एकाला ताप आला आणि दुसऱ्याला बायकोने सोडलं नाही. त्यामुळे दुपारी काका गेल्यावर घरात दोघंच उरले, कानसेन आणि मेहुणी.

त्याने आपलं नेहमीचं काम सुरू केलं. दालनाच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. आवाज भिंतीवर गेला, खिडक्यांवरून परतला, छताशी थोडा रेंगाळला आणि मग विरला. त्याच्या ध्वनिमुद्रण मशीनने आवाज विरायला लागलेला वेळ दाखवला, तीन सेकंदांच्या किंचित वर.

"वा!" तो म्हणाला. टाळी अशी घुमली की समजावं, खोली तुम्हाला ओळख देते आहे. रिकाम्या खोलीचा आवाज घुमतो, आणि भरलेल्या खोलीचा बसतो, कारण माणसांची अंगं आणि कपडे तो पिऊन टाकतात. तालमीत दणदणीत वाटणारं नाट्यगृह प्रयोगाच्या रात्री कोरडं होतं, ते यामुळेच. या धंद्यातल्या कुणालाही हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

उजवीकडून टाळी जरा मंद आली असं त्याला वाटलं. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही, म्हणजे न देण्याचा निश्चय केला.

३

नऊ वाजता त्यांनी डबे खाल्ले आणि ते पुन्हा वर आले. बाहेर थंडी पडली होती. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडक्यांतून येऊन जमिनीवर अकरा पट्टे पाडत होता. घर जुनं, त्यामुळे लाकूड कुरकुरत होतं. तिसऱ्या खिडकीजवळची एक फळी तर अधूनमधून अशी वाजायची, की मेहुणी प्रत्येक वेळी त्याच्याकडे बघायची.

"लाकूड गार पडलं की आखडतं," तो म्हणायचा.

"उंदीर नाही?"

"उंदीर इतका जड नसतो."

बोलून गेल्यावर त्यालाच ते वाक्य आवडलं नाही.

त्याने सहज टाळी वाजवली. ती मघासारखी घुमली नाही. छताशी रेंगाळणं होतं, तेच कुणीतरी कापून घेतल्यासारखं झालं. त्याने पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. त्याचं धाबं दणाणलं, पण भुतांमुळे नाही. त्याला दिसत होता तो डॉक्टरांचा कागद, तपासणीची तारीख, आणि एक शांत, बिनकामाचं म्हातारपण. दुपारी फक्त उजवा कान मंद होता, आता डाव्यालाही घुमणं ऐकू येईना.

"काय झालं?" मेहुणीने विचारलं.

"काही नाही. हवा बदलली की आवाज बदलतो."

हवा बदलते हे खरं. पण हवेने एवढं होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याचं झालं. मशीनकडे बघायची त्याला हिंमत होईना. मशीनवर तीन सेकंद दिसले असते, तर कारभार आटोपला होता.

अकरा वाजता त्याने पुन्हा टाळी वाजवली. आवाज आणखी आखूड झाला होता. साडेबाराला वाजवली, तेव्हा टाळी त्याच्या हातातच मेली. गादीवर थाप मारावी तशी.

४

शेवटी मेहुणीच म्हणाली, "भाऊजी, मला आवाजातलं काही कळत नाही. पण दुपारी तुमची टाळी खालच्या जिन्यापर्यंत यायची. आता मी इथे दारात उभी आहे, तरी येत नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग दिवा मशीनवर धरला. दुपारी तीन सेकंद, रात्री नऊला दोन, अकराला सव्वा, आणि आत्ताची टाळी अर्ध्या सेकंदालाही पोचली नव्हती. आकडे त्याच्या कानाशी तंतोतंत जुळत होते.

त्याला आनंद झाला. लिहायला विचित्र वाटतं, पण त्या रिकाम्या दालनात त्याला पहिल्यांदा झाला तो आनंदच. कान शाबूत होता! कानाने जे ऐकलं तेच मशीनने ऐकलं होतं. वायरच खराब असणार, तिन्ही खराब निघाल्या असतील, आजकाल माल कसा येतो ते काय सांगावं! दोन महिन्यांचं ओझं खांद्यावरून उतरलं आणि तो चक्क हसला.

आणि मग त्या आनंदाचा अर्थ त्याच्या लक्षात आला.

कान बरोबर होता, तर दालन बरोबर होतं. आणि अर्ध्या सेकंदात बसणारा आवाज त्याने आयुष्यात अनेकदा ऐकला होता. दार बंद झाल्यावर, दिवे मंद झाल्यावर, पहिल्या वाक्याआधी. खच्चून भरलेल्या सभागृहाचा आवाज होता तो.

त्याने दिवा फिरवला. जमीन रिकामी होती, भिंती उघड्या होत्या. अकरा खिडक्या होत्या तशा होत्या.

"किती?" मेहुणीने हळूच विचारलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नव्हतं.

"या मापाच्या खोलीत?" त्याने मनात हिशेब केला. "तीनशे. जास्तही असतील. खेटून उभे असतील तर."

तिने मान डोलावली. सात वर्षं वटवाघळं मोजलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती असं नाही, पण तिने दारातल्या दारात चप्पल काढून ठेवली.

५

माणूस घाबरला की सवयीला धरतो. कानसेनची सवय अशी, की काम झालं की त्या जागेची एक मिनिट शांतता टिपून घ्यायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि नंतर टिपलेले तुकडे जोडताना ती लागते. जाण्याआधी ती टिपून घ्यावी, निदान काहीतरी हातात राहील, असं त्याला वाटलं. त्याने माइक मधोमध ठेवला, मशीन सुरू केलं, आणि तीस वर्षं जे वाक्य तो म्हणत आला होता ते त्याच्या तोंडून आपसूक गेलं. मोठ्याने, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं.

"सगळे आहात तिथेच थांबा. हलायचं नाही, बोलायचं नाही. एक मिनिट."

दारातून मेहुणी कुजबुजली, "मी एकटी आहे आणि सगळे काय म्हणता..."

तिचं वाक्य अर्धंच राहिलं.

तिसऱ्या खिडकीजवळची फळी थांबली. छतातलं आखडणारं लाकूड थांबलं. आणि त्या आवाजांच्याही खाली आणखी एक काहीतरी थांबलं, जे संध्याकाळपासून चालू होतं आणि इतकं सगळीकडे होतं, की तो आवाज आहे हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आता ते नाहीसं झालं, तेव्हा कळलं. शेकडो माणसं नुसती उभी असली तरी त्यांचा एक आवाज असतो. श्वासांचा, कापडाचा, एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणाऱ्या वजनाचा. तो आवाज त्यांनी आवरून धरला होता. कानसेनने सांगितलं म्हणून.

मशीनवरची आवाजाची रेघ खाली गेली. आणखी खाली. इतकी खाली ती त्याने कुठल्याच बंद स्टुडिओत पाहिली नव्हती. अशी शांतता जगात असते हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदम. आयुष्यभर तो माणसांना गप्प बसवत आला होता. कुणीतरी खोकायचं, कुणाचा तरी फोन वाजायचा. इतकं मनापासून कुणीच त्याचं ऐकलं नव्हतं.

साठ सेकंद झाले. त्याने मशीन बंद केलं, ते माइकसकट उचललं, आणि दोघं मागे न बघता जिना उतरले.

६

स्वयंपाकघरात दार लावून त्यांनी चहा केला. तो कुणीच प्यायला नाही. दोघांनी ठरवलं की सहापर्यंत इथेच बसायचं.

"पुरावा मिळाला ना तुला," तो म्हणाला.

"शांततेचा? माझ्या मंडळाला काय ऐकवू? एक मिनिट काहीच नाही?" ती कसनुशी हसली. मग बराच वेळ छताकडे बघत राहिली. दोन वाजून गेले. अडीच वाजले.

"भाऊजी, घर कुरकुरत नाहीये."

त्याने कान दिला. खरंच, एवढी थंडी होती आणि एक फळी वाजत नव्हती.

"ताईबरोबर मी एकदा तुमचं काम बघायला आले होते," ती सावकाश म्हणाली. "त्या दिवशीही तुम्ही असंच सगळ्यांना थांबवलंत. आणि मिनिट संपल्यावर काहीतरी म्हणालात. मगच सगळे हलले."

त्याने कप खाली ठेवला. मिनिट संपलं की मशीन बंद करायचं आणि म्हणायचं, 'झालं, आभारी आहे, मोकळे व्हा.' ते म्हटल्याशिवाय कुणीही हलत नाही. नवखी माणसं तर पापणीही लववत नाहीत. त्याने वर काहीच म्हटलं नव्हतं. पळून आला होता.

"तासाच्या वर झालं," मेहुणी म्हणाली.

"सकाळी काका आले की..."

"तीनशे माणसं श्वास धरून उभी आहेत, भाऊजी. तुमच्या शब्दाखातर."

तो काही शूर माणूस नव्हता. भीतीने त्याच्या पाचावर धारण बसली होती. पण तीस वर्षांत त्याने कुणालाही विनाकारण ताटकळत ठेवलं नव्हतं, आणि तीच लाज भीतीपेक्षा वरचढ ठरली. तो उठला. मेहुणी दिवा घेऊन मागून निघाली. मशीन टेबलावरच राहिलं. मोकळे व्हा म्हणताना मशीन नेहमी बंदच असतं, त्यामुळे ते न्यावं असं दोघांच्याही मनात आलं नाही.

७

वर पोचल्यावर मेहुणी जिन्याच्या माथ्यावर भिंतीला लागून उभी राहिली. तो दाराच्या चौकटीत, डावा खांदा आणि डोकं चौकटीला टेकवून थांबला. तिने दिवा आत धरला.

दालन रिकामं होतं. पण अकराच्या अकरा खिडक्यांवर आतून वाफ धरली होती. खालच्या काचा स्वच्छ होत्या. खांद्याच्या उंचीपासून माणसाच्या डोक्यापर्यंतच्या काचा तेवढ्या पांढऱ्या झाल्या होत्या, आणि त्यांवरून थेंब ओघळत होते.

त्याला हात जोडावेसे वाटले. जोडले की नाही ते पुढे त्याला आठवेना.

"झालं," तो म्हणाला. ते पुरेसं मोठ्याने झालं नाही, म्हणून पुन्हा म्हणाला. "झालं. उशीर झाला, माझी चूक झाली. मनापासून आभारी आहे. मोकळे व्हा."

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग त्याच्या उजव्या गालाला ऊब लागली. ती गेली, पुन्हा आली. शर्टाची उजवी बाही हलली. कुणीतरी अंग चोरून जवळून जावं, मग आणखी कुणी, मग आणखी, असं सतत चाललं होतं. तो दारातून हटला नाही, ते त्याला धक्का न लावता जात राहिले. इतक्या सौजन्याने जात होते, की त्याची भीती कधी सरली ते त्याला कळलं नाही.

त्याने मेहुणीकडे पाहिलं. ती भिंतीला आणखी चिकटून वाट देत होती. तोंडावर हात होता, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिची मान एकामागून एक जाणाऱ्यांबरोबर दारापासून जिन्याकडे वळत होती. तिला दिसत काही नव्हतं. ती ऐकत होती. मधेच ती हसली, कुणीतरी काही बोलल्यावर हसावं तशी.

कानसेनला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

मग त्याला उमगलं. मशीनने खरा ठरवला होता तो डावा कान. उजव्याबद्दल ते एक अक्षर बोललं नव्हतं. कान बरोबर असेल तर दालन भरलेलं, आणि दालन रिकामं असेल तर कान गेलेला, अशी त्याने मनाशी वाटणी करून ठेवली होती. दोन्ही एकदम खरं असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. डावा कान चौकटीच्या लाकडाला लागलेला होता, आणि जगातला सर्वांत मोठा आवाज कुजबुजीसारखा त्याच्या मेलेल्या बाजूने निघून चालला होता.

तो गर्रकन वळला. डावा कान जिन्याकडे केला. उशीर झाला होता. खालच्या पायरीवर कुणीतरी एकदा घसा खाकरला, फार वेळ गप्प उभ्या राहिलेल्या माणसाने खाकरावा तसा. तेवढाच त्याच्या वाट्याला आला. मग तिसऱ्या खिडकीजवळची फळी करकरली, आणि या वेळी ते खरंच लाकूड होतं.

मेहुणी जिन्यावर मटकन बसली.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "तुम्ही तर सगळं ऐकलं असेल. मला अर्धंही कळलं नसेल."

हो म्हणणं सोपं होतं. दोन महिने तो तेच म्हणत आला होता. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला, मग उठला, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. आता डावा कान तिच्याकडे होता.

"उजव्या कानाने मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "दोन महिने झाले. तुझ्या ताईलाही सांगितलेलं नाही. ते माझ्या उजवीकडूनच गेले गं. मला काही, काही मिळालं नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. सांत्वनाचं काही बोलली नाही, त्याबद्दल तो तिचा जन्मभर ऋणी राहिला.

"सांगशील?" त्याने विचारलं.

"मला नाही हो जमणार. मला आवाजातलं कळत नाही."

"जमेल तसं सांग. पहिल्यापासून. घाई करू नकोस."

तिने नाक पुसलं आणि थोडा विचार केला. "आधी सगळ्यांनी मिळून एक श्वास सोडला," ती म्हणाली. "लांब. मग पुढच्या रांगेतली एक बाई मागे वळली असावी, तिच्या कपड्यांचा आवाज झाला..."

कानसेनने डोळे मिटले आणि मान तिच्या बाजूला झुकवली.